एनएचएलच्या ट्रेडच्या अफवा, बातम्या आणि पगाराचं गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, आणि लीग म्हणजे अमेरिका-कॅनडातली ३२ संघांची एनएचएल. टोरोंटो, न्यू जर्सी, डॅलसमध्ये राहणारे आणि इथून रात्री जागून सामने बघणारे मराठी चाहते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते एकत्र केले आहेत. आमचं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे : अफवा कोणी दिली हे जरूर बघा, पण त्याआधी ती करारात बसते का ते बघा. निम्म्या अफवा तिथेच गळून पडतात.

ट्रेड म्हणजे आयपीएलमधल्यासारखीच अदलाबदल ना?

नाही. आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते. हार्दिक पंड्या २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातहून मुंबईला परतला तो व्यवहार पूर्णपणे पैशांवर झाला होता. एनएचएलमध्ये करारात तसं कलम नसेल तर खेळाडूला कोणी विचारत नाही. सकाळी सरावाला गेलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या देशातल्या संघाचा झालेला असतो, आणि त्याचा करार जसाच्या तसा त्याच्याबरोबर जातो. पगार, उरलेली वर्षं, बोनस, यातलं काहीही नव्याने ठरत नाही. म्हणून ट्रेडची चर्चा करताना "खेळाडू कसा आहे" याच्याइतकंच "करार कसा आहे" याला महत्त्व आहे. बदल्यात बहुधा दुसरे खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातल्या, पुढच्या वर्षांच्या निवडी दिल्या जातात. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एडमंटनने वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला दिलं तेव्हा खेळाडू आणि पहिल्या फेरीतल्या तीन निवडींबरोबर दीड कोटी डॉलर रोखही हातात पडले होते. पगारमर्यादा, म्हणजे संघाने एका हंगामात पगारांवर जास्तीत जास्त किती खर्च करायचा याचा आकडा, येण्याआधीचा तो काळ. आज रोख रकमेपेक्षा मर्यादेतली मोकळी जागा जास्त मोलाची आहे.

अफवा येते कुठून? आगीशिवाय धूर निघतो का?

धूर निघतो, आणि तो मुद्दाम काढला जातो. प्रत्येक पुडी सोडणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो.

एजंटला भाव वाढवायचा असतो. करार संपत आलेल्या खेळाडूबद्दल "पाच संघांना रस आहे" अशी बातमी आली की आधी आपल्याच संघाच्या जनरल मॅनेजरवर (खेळाडू घेण्या-देण्याचे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यावर) दबाव येतो. विकणारा जनरल मॅनेजर बाजार गरम करतो. एकच गंभीर ग्राहक असेल तर त्याला दुसरा ग्राहक दिसला पाहिजे. विकत घेणारा सहसा गप्प असतो, कारण बातमी फुटली की किंमत चढते. त्यामुळे "अमुक संघ तमुकला घेणार" ही बातमी घेणाऱ्या संघाकडून आली असण्याची शक्यता कमी. ती बहुधा विकणाऱ्याकडून, एजंटकडून किंवा शर्यतीतून बाहेर पडलेल्या तिसऱ्या संघाकडून आलेली असते. कधी मालकाला चाहत्यांना शांत करायचं असतं : "आम्ही प्रयत्न केला, मोठा खेळाडू हातातून थोडक्यात गेला." अशी बातमी सौदा फिसकटल्यावर येते आणि ती तपासायला कोणताच मार्ग उरत नाही. तिच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवा.

आणखी एक स्रोत म्हणजे निव्वळ तर्क. स्तंभलेखक लिहितो, "या संघाला उजव्या हाताचा बचावपटू हवा आहे आणि त्या संघाकडे दोन जादा आहेत." तीन ठिकाणी फिरून आल्यावर त्याचं "बोलणी सुरू" होतं. मूळ वाक्य शोधून वाचल्याशिवाय वाद घालू नका.

इनसायडर म्हणवणाऱ्यांपैकी कोणावर भरवसा ठेवायचा?

एलियट फ्रीडमन, पियेर लब्रन, डॅरेन ड्रेगर, क्रिस जॉन्स्टन या पत्रकारांची नावं वर्षानुवर्षं टिकली, कारण झालेल्या ट्रेडची बातमी ते चुकवत नाहीत. पण याच लोकांच्या दोन प्रकारच्या वाक्यांत फरक करायला शिका. "व्यवहार पूर्ण झाला, लीगच्या मंजुरीची वाट आहे" ही बातमी आहे. "चौकशी झाली", "फोन घेतले जात आहेत", "नाव चर्चेत आहे" हा बाजारातला कानोसा आहे. कानोसा खोटा नसतो. जनरल मॅनेजर रोज एकमेकांना फोन करतात आणि जवळजवळ प्रत्येक खेळाडूची कधी ना कधी चौकशी होते. ती बातमी खरी असते, आणि तिच्यावरून पुढे काहीही ठरत नाही.

अडचण माणसांपेक्षा व्यवस्थेत जास्त आहे. आतली बातमी एजंट आणि जनरल मॅनेजर देतात, आणि त्यांच्यावर कठोर टीका करणाऱ्याला पुढची बातमी मिळत नाही. शिवाय मालकी बघा. कॅनडातले एनएचएलचे राष्ट्रीय प्रसारणहक्क रॉजर्स या कंपनीकडे आहेत : २०१४-१५ पासून १२ वर्षांसाठी ५२० कोटी कॅनेडियन डॉलर, आणि पुढच्या १२ वर्षांसाठी १,१०० कोटी. स्पोर्ट्सनेट ही वाहिनी रॉजर्सची, आणि २०२५ पासून टोरोंटोच्या मेपल लीफ्स संघाच्या मालक कंपनीत ७५ टक्के वाटाही रॉजर्सचा. तिथले पत्रकार विकले गेले आहेत असं म्हणणं अन्याय होईल, त्यातले बरेच जण उत्तम काम करतात. पण ट्रेडच्या दिवशी दहा तास थेट प्रक्षेपण आणि लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या कामगार करारावर मात्र दहा मिनिटं, हे प्रमाण का पडतं याचं उत्तर या आकड्यांत आहे.

अफवा स्वतः कशी तपासायची?

कागद-पेन्सिल घेऊन पंधरा मिनिटांत होतं.

आधी खेळाडूचा कॅप हिट काढा : कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं. या वर्षीचा प्रत्यक्ष पगार वेगळा असू शकतो. मर्यादेत धरली जाते ती सरासरी.

मग कलमं बघा. नो-मूव्ह कलम असेल तर खेळाडूच्या होकाराशिवाय ट्रेड होत नाही आणि त्याला खालच्या लीगमध्येही धाडता येत नाही. नो-ट्रेड कलम फक्त ट्रेड अडवतं. बदललेल्या नो-ट्रेड कलमात खेळाडू यादी देतो, कधी "या दहा संघांत जाणार नाही" अशी, कधी "फक्त या आठांत जाईन" अशी. या दोन याद्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि अफवा लिहिणारे तो हमखास विसरतात. अशी कलमं मिळतात ती खेळाडू वय २७ किंवा लीगमधली सात वर्षं, म्हणजे मुक्त होण्याच्या (करार संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याच्या) पात्रतेला पोचल्यावरच. त्यामुळे २२ वर्षांच्या मुलाने "जायला नकार दिला" अशी बातमी आली तर ती सोडून द्या. त्याला विचारणारच कोण?

तिसरी गोष्ट, घेणाऱ्या संघाची जागा. मर्यादेत किती रक्कम शिल्लक आहे, मुख्य चमूत २३ पैकी किती जागा भरल्या आहेत आणि एकूण ५० करारांपैकी किती झाले आहेत. शेवटचा आकडा कोणी बघत नाही, आणि हंगामाच्या शेवटी सौदे बऱ्याचदा तिथेच अडतात.

शेवटी स्वतःला विचारा, ही बातमी आज बाहेर येण्यात फायदा कोणाचा?

अर्धा पगार जुनाच संघ देतो म्हणजे काय?

देणारा संघ खेळाडूच्या पगाराचा आणि कॅप हिटचा जास्तीत जास्त ५० टक्के भाग स्वतःकडे ठेवू शकतो, पण तो करार संपेपर्यंत. एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात, आणि त्यांची बेरीज मर्यादेच्या १५ टक्क्यांवर जाऊन चालत नाही. एकाच करारावर हा प्रयोग दोनदा होऊ शकतो. म्हणून पूर्वी तिसरा संघ मध्ये घालून एकाच दिवशी पगार पाववर आणायची युक्ती चालायची. २०२५-२६ पासून दोन वेळांमध्ये ७५ दिवस जावे लागतात. "तिसरा संघ शोधून लगेच पाव करून घेतील" असं आजही कोणी लिहीत असेल, तर त्याने नवा नियम वाचलेला नाही.

मर्यादेत दहा लाखच शिल्लक असताना मार्चमध्ये जवळपास कोटीचा खेळाडू कसा परवडतो?

कारण मर्यादा दिवसावर मोजतात. हंगाम सुमारे १९० दिवसांचा धरा. संघाने पहिल्या दिवसापासून १० लाख डॉलर मोकळे ठेवले आणि ट्रेडच्या अंतिम मुदतीच्या दिवशी हंगामाचे ४० दिवस उरले असतील, तर १० लाख × १९० ÷ ४० = ४७ लाख ५० हजार. इतका वार्षिक कॅप हिट तो घेऊ शकतो. विकणाऱ्याने अर्धा पगार ठेवला तर मूळ ९५ लाखांचा खेळाडू बसतो.

इथे एक गोष्ट हटकून चुकते. संघ दीर्घकालीन जखमी यादीतली सवलत वापरत असेल तर रोजची ही बचत साठतच नाही. तिथे वरचा गुणाकार करून "पैसे आहेत" म्हणणं चूक. दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत.

जखमी यादीचा घोटाळा म्हणतात तो कोणता?

किमान २४ दिवस आणि १० सामने मुकणार असलेल्या खेळाडूच्या बदल्यात संघाला मर्यादेपलीकडे खर्च करता येतो. आणि प्लेऑफमध्ये मर्यादा लागूच नव्हती. टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह २०२०-२१ चा साखळी हंगाम पूर्ण बाहेर होता, प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला परतला आणि टँपाने चषक जिंकला. सगळं नियमात बसणारं होतं, म्हणून "घोटाळा" हा शब्द आम्ही वापरत नाही. नियमच सैल होता. २०२५-२६ पासून प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या २० जणांची बेरीज मर्यादेत बसवावी लागते. जखमी खेळाडू त्याच हंगामात परतणार असेल तर बदली म्हणून साधारण लीगच्या सरासरी पगाराइतकीच, म्हणजे सुमारे ३८ लाख डॉलरची सवलत मिळते.

पुन्हा कधीच न खेळणाऱ्या खेळाडूचा करार कोणी का घेईल?

खालची मर्यादा गाठायला. प्रत्येक संघाला किमान खर्च करावाच लागतो. २०२५-२६ मध्ये तो ७ कोटी ६ लाख डॉलर आहे. ॲरिझोनाने २०१६ मध्ये रशियाला परतलेल्या पावेल दात्सुकचा आणि २०२३ मध्ये कायमचा जखमी शे वेबरचा करार घेतला. कागदावर कॅप हिट मोठा, खिशातून जाणारी रक्कम कमी, वर ड्राफ्टच्या निवडीही पदरात. चाहत्यांना हे खटकतं आणि खटकायलाच हवं. खालची मर्यादा खेळाडूंच्या हातात पैसा पडावा म्हणून आहे, आकड्यांची भरती करण्यासाठी नाही.

ट्रेडची घोषणा झाली म्हणजे झालाच ना?

नाही. दोन्ही संघ लीगच्या नोंदणी विभागाला कळवतात, मग फोनवर एकेक अट वाचून दाखवली जाते, आणि ती जुळली तरच सौदा पक्का. मार्च २०२२ मध्ये व्हेगसने एव्गेनी दादोनोव्हला ॲनाहाइमला दिल्याचं जाहीर झालं, आणि दोन दिवसांनी लीगने तो सौदा रद्द केला. ॲनाहाइम त्याच्या नको असलेल्या संघांच्या यादीत होतं. आदल्या वर्षी ओटावाने त्याला व्हेगसला दिलं तेव्हा ही यादी नीट पुढे गेली नव्हती. २०२३ मध्ये लीगने ओटावाला पहिल्या फेरीतली एक निवड गमावण्याची शिक्षा सुनावली. म्हणजे लीग, दोन संघ आणि सगळे इनसायडर एका कागदापाशी चुकले होते.

रँटानेन सहा आठवड्यांत दोनदा का विकला गेला?

हे प्रकरण समजलं की बाकी सगळं समजतं. मिक्को रँटानेनचा करार २०२५ च्या उन्हाळ्यात संपत होता आणि कोलोराडोशी आकडा जुळत नव्हता. २४ जानेवारीला तीन संघांच्या सौद्यात तो कॅरोलायनाला गेला. शिकागोने मध्ये राहून त्याच्या ९२ लाख ५० हजारांतला अर्धा कॅप हिट उचलला. कोलोराडोला मार्टिन नेचास, जॅक ड्रुरी आणि निवडी मिळाल्या. कॅरोलायनाने पैज लावली होती की तो इथे राहील. तो राहिला नाही.

आता कॅरोलायनापुढे दोन वाटा होत्या : चषकासाठी त्याला ठेवून १ जुलैला फुकट गमावणं, किंवा लगेच विकणं. ७ मार्चला, अंतिम मुदतीच्या दिवशी, तो डॅलसला गेला. बदल्यात लोगन स्टँकोव्हन, पहिल्या फेरीतल्या दोन आणि तिसऱ्या फेरीतल्या दोन निवडी आल्या. डॅलसने त्याच वेळी आठ वर्षांचा, दरवर्षी १ कोटी २० लाखांचा करार केला. आठ वर्षं फक्त ताब्यातला संघ देऊ शकत होता, खुल्या बाजारात सातच. हे जादा वर्ष मिळवण्यासाठीच संघ जुलैची वाट न बघता मार्चमध्ये किंमत मोजत. सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या कामगार करारात हे आकडे सात आणि सहा होतात.

मर्यादा एकदम एवढी का वाढली?

कोविडमध्ये गेट बंद, उत्पन्न बुडालं, पण खेळाडूंना करारातले पगार मिळत होते. खेळाडू आणि मालक यांच्यात उत्पन्नाचा वाटा ५०-५० आहे, त्यामुळे वाट्याहून जास्त मिळालेली रक्कम खेळाडूंना परत करायची होती. ती फिटेपर्यंत मर्यादा ८ कोटी १५ लाखांवर तीन हंगाम गोठली, मग दोन वर्षं दहा-दहा लाखांनी सरकली. हिशोब मिटल्यावर बांध फुटला : २०२४-२५ मध्ये ८ कोटी ८० लाख, २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख, नंतरच्या दोन हंगामांसाठी १० कोटी ४० लाख आणि ११ कोटी ३५ लाख. किरील कप्रीझोव्हला मिनेसोटाने दिलेले वर्षाला १ कोटी ७० लाख याच पार्श्वभूमीवर वाचा. कॉनर मॅकडेव्हिडने मात्र १ कोटी २५ लाखांवर दोनच वर्षांसाठी सही केली. आकडा आणि मुदत, दोन्हींतून तो संघाला जिंकण्यासाठी जागा देतोय आणि घाईही करायला लावतोय.

एस्क्रो काय असतो?

पगारातून आधीच कापून ठेवलेली रक्कम. ५० लाखांच्या पगारावर सहा टक्के म्हणजे तीन लाख बाजूला. वर्षअखेर खेळाडूंना मिळालेली एकूण रक्कम उत्पन्नाच्या अर्ध्याहून जास्त भरली तर फरक मालकांकडे जातो, उरलेलं परत मिळतं. २०२० च्या कामगार कराराआधी या कपातीला कमाल मर्यादा नव्हती, आणि काही हंगामांत दहा टक्क्यांच्या वर पैसे कायमचे गेले. "करार एक कोटीचा" अशी बातमी वाचताना हे लक्षात ठेवा.

करोडपती खेळाडूंना संघटना कशाला हवी?

१९५७ चं उदाहरण घ्या. डेट्रॉइटचा टेड लिंडसे खेळाडूंची संघटना उभारत होता. निवृत्तिवेतनाचे हिशोब मालक दाखवत नव्हते. त्या हंगामात त्याने (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) ८५ गुण केले, लीगमध्ये दुसरा. तरी उन्हाळ्यात त्याला शिकागोला पाठवलं, जी तेव्हाची तळातली जागा. ट्रेड हे शिक्षेचं हत्यारही होतं, आणि आजच्या नो-ट्रेड कलमाकडे बघताना हा इतिहास विसरून चालणार नाही. १९६७ मध्ये संघटना झाली, पण तिचा प्रमुख ॲलन ईगलसन खेळाडूंचा एजंटही होता आणि मालकांचा मित्रही. १९९८ मध्ये फसवणुकीबद्दल तो तुरुंगात गेला. त्याच्या काळात खेळाडूंना एकमेकांचे पगार माहीत नसत. पगार उघड झाले आणि ते झपाट्याने वाढले. माहिती हीच सौदेबाजीतली ताकद असते.

आयपीएलशी तुलना करा. तिथे लिलावाची थैली मंडळ ठरवतं, २०२५ साठी १२० कोटी रुपये. खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची वाटाघाटी करणारी संघटना नाही, उत्पन्नात ठरलेला वाटा नाही. एनएचएलच्या खेळाडूंना निम्मं मिळतं ते त्यांनी भांडून मिळवलं म्हणून.

टाळेबंदी कोणी केली, खेळाडूंनी की मालकांनी?

मालकांनी, तिन्ही वेळा. बातम्यांत तिला सर्रास "संप" म्हटलं जातं, ते चूक आहे. संप एकच, एप्रिल १९९२, दहा दिवसांचा. १९९४-९५ आणि २०१२-१३ च्या टाळेबंदीत हंगाम ४८ सामन्यांवर आला. २००४-०५ मध्ये तर पूर्ण हंगामच रद्द झाला. त्यातून पगारमर्यादा आली, ३ कोटी ९० लाखांची, आणि चालू करारांवर २४ टक्के कपात. २०१२-१३ नंतर खेळाडूंचा वाटा ५७ वरून ५० टक्क्यांवर आला. २०२५ च्या जुलैमध्ये मात्र मुदतीच्या वर्षभर आधीच नवा कामगार करार झाला : २०२६ पासून चार वर्षं, ८४ सामने, आणि किमान पगार ७ लाख ७५ हजारांवरून टप्प्याटप्प्याने दहा लाख. मोठ्या ताऱ्यांपेक्षा चौथ्या फळीतल्या खेळाडूंसाठी ही बातमी मोठी होती, आणि ती सगळ्यात कमी छापली गेली.

फ्लोरिडाचे संघ करामुळे जिंकतात का?

फ्लोरिडा, टेक्सस, नेवाडा, टेनेसी आणि वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही, आणि ओंटारिओत वरच्या टप्प्यावर केंद्र-प्रांत मिळून ५३ टक्क्यांहून जास्त कर लागतो. फरक खरा आहे, पण बाहेर खेळलेल्या सामन्यांचा कर त्या-त्या ठिकाणी भरावा लागतो, त्यामुळे तो सांगतात तेवढा मोठा उरत नाही. शिवाय हाच फायदा असताना फ्लोरिडा पँथर्स २००१ ते २०११ सलग दहा हंगाम प्लेऑफबाहेर होते. चांगला जनरल मॅनेजर असेल तर कर उपयोगी पडतो. नसेल तर नाही.

करारांचे आकडे कुठे बघायचे? भारतातून कधी जागायचं?

पूर्वी कॅपगीक होतं, ते २०१५ ला बंद झालं. मग कॅपफ्रेंडली, ते वॉशिंग्टन कॅपिटल्सने विकत घेऊन २०२४ च्या जुलैत लोकांसाठी बंद केलं. चाहत्यांनी उभारलेली माहिती एका संघाच्या कुलुपात गेली. आता पकपीडिया वापरा. आकडा वापरण्याआधी खेळाडू जखमी यादीत आहे का आणि पगाराचा भाग दुसऱ्या संघाकडे आहे का, या दोन नोंदी आधी वाचा, कारण ओळीतला ढोबळ कॅप हिट तिथेच फसवतो.

ट्रेडची अंतिम मुदत मार्चच्या सुरुवातीला, टोरोंटोच्या दुपारी ३ वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री दीड. तीननंतर बसून राहा. रांगेत अडकलेले सौदे पुढचा तासभर जाहीर होत राहतात. १ जुलैचा मुक्त खेळाडूंचा बाजार आपल्या रात्री साडेनऊला उघडतो.